जुनं सीएनसी लेथ मशीन नेमकं कशाने बंद पडतं? छोट्या वर्कशॉपसाठी देखभालीची संपूर्ण माहिती

दिवाळीची सुट्टी संपते. वर्कशॉपचं शटर उघडतं, मेन स्विच चालू होतो, मशीनची स्क्रीन उजळते आणि तिच्यावर अलार्मची रांग दिसते. प्रोग्रॅम गायब, टूलचे ऑफसेट गायब, मशीनला स्वतःची ओळख देणारे पॅरामीटरही गायब. आठ दिवसांपूर्वी हेच मशीन व्यवस्थित जॉब काढत होतं. मोटर जळलेली नसते, स्पिंडलही ठीक असतो. संपलेली असते ती हातात मावेल एवढी बॅटरी.

जुन्या सीएनसी लेथवर चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये हा प्रसंग नवा नाही. अनेक ठिकाणी असं एकच मशीन असतं. त्यावर कर्जाचा हप्ता, दोन-तीन कामगारांचा पगार आणि कंपनीला दिलेली तारीख अवलंबून असते. अशी मशीन्स बंद पडतात ती अनेकदा वयामुळे नाही, तर पुढे ढकललेल्या छोट्या कामांमुळे. ती कामं कोणती, ते पाहू.

दौलताबाद-वाळूज पट्ट्यात एवढे लेथ कशाला?

दौलताबाद म्हटलं की देवगिरीचा किल्ला आठवतो. पण किल्ल्याकडून शरणापूर, साजापूरमार्गे निघालं की थोड्याच वेळात वाळूज एमआयडीसी लागते. इथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योगाला नवं वळण मिळालं. एन्ड्युरन्स, व्हेरॉक यांसारख्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या याच शहरात वाढल्या.

दुचाकीत बुश, पिन, शाफ्ट, स्पेसर, कॉलर असे गोल आकाराचे असंख्य भाग असतात. गोल भाग म्हटला की लेथ आलाच. मोठी कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. काम व्हेंडरकडे जातं, व्हेंडरकडून छोट्या जॉबवर्कवाल्याकडे. आयटीआयमधून 'कातारी' म्हणजे टर्नर होऊन बाहेर पडलेले अनेक जण काही वर्षं नोकरी करतात आणि मग स्वतःचं मशीन टाकतात. नवीन मशीन परवडत नाही, म्हणून सुरुवात जुन्यापासून होते.

भारतात या कामासाठी बेंगळुरूची एस डिझायनर्स आणि एचएमटी, कोइम्बतूरची एलएमडब्ल्यू, राजकोटची ज्योती सीएनसी अशा कंपन्यांची मशीन्स ठिकठिकाणी दिसतात. त्यांचा 'मेंदू', म्हणजे कंट्रोलर, बहुतेक वेळा फॅनुक किंवा सीमेन्सचा असतो.

सीएनसी लेथ चालतं कसं?

साध्या लेथवर कारागीर हाताने चाक फिरवून टूल पुढे-मागे नेतो. सीएनसी लेथवर हे काम सर्वो मोटर करते. मोटर बॉल स्क्रू फिरवते आणि स्क्रूवर बसलेला टरेट, म्हणजे टूल धरणारी फिरती चकती, सरकतो. एक्स अक्षावर जॉबचा व्यास ठरतो, झेड अक्षावर लांबी. मोटर किती फिरली हे एन्कोडर सतत कंट्रोलरला कळवत राहतो.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा दाखवलं गेलं, तेव्हा त्याला सूचना मिळायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. त्याची खूण जुन्या कंट्रोलरमध्ये अजून सापडते. त्यांची मेमरी 'मीटर'मध्ये सांगतात. ८० मीटर मेमरी म्हणजे ८० मीटर कागदी पट्टीवर मावेल एवढा मजकूर, साधारण ३२ किलोबाइट. व्हॉट्सअॅपवर येणारा एखादा फोटोही याहून मोठा असतो. पण मशीनचा सगळा संसार तेवढ्यातच असतो.

मशीनमध्ये जुनं काय होतं?

एकाच मशीनमधले तीन घटक वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात.

पहिला घटक लोखंडाचा: बेड, गाइडवे, स्पिंडल, बॉल स्क्रू. तेल मिळत राहिलं तर हे वर्षानुवर्षं टिकतात आणि झिजले तरी हळूहळू झिजतात. ती झीज मोजता येते.

दुसरा इलेक्ट्रॉनिक्सचा: ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, पंखे, कपॅसिटर. यांना उष्णता आणि धूळ मारते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत एक ढोबळ नियम सांगितला जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं.

तिसरा घटक माहितीचा: पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम. ही माहिती हळूहळू खराब होत नाही. ती असते किंवा नसते. म्हणून जुन्या मशीनची देखभाल इथून सुरू करायची.

पहिलं काम: बॅटरी आणि बॅकअप

अनेक जुन्या कंट्रोलरची मेमरी वीज बंद असताना बॅटरीवर जिवंत राहते. फॅनुकच्या स्क्रीनवर खाली 'बॅट' अशी अक्षरं लुकलुकायला लागली की बॅटरी उतरल्याचा तो इशारा असतो. 'चालतंय तोवर चालू दे' म्हणून तो दुर्लक्षिला जातो आणि लांब सुट्टीत घात होतो.

काही मशीनमध्ये दुसरी बॅटरीही असते, अॅब्सोल्यूट एन्कोडरची. ती संपली की प्रोग्रॅम राहतो, पण मशीन आपली शून्य जागा विसरतं. ती पुन्हा ठरवेपर्यंत काम बंद.

इथे काय करायचं?

- बॅटरी दरवर्षी बदला, इशाऱ्याची वाट पाहू नका. बदललेली तारीख कंट्रोल पॅनलवर चिकटवा.
- बदलण्याचा क्रम मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. बाहेरच्या डब्यात सेल असलेल्या अनेक मशीनमध्ये ते मशीन चालू ठेवून बदलावे लागतात. मशीन बंद करून सेल काढले की मेमरी गेली. पॅनल उघडं असताना आत जिवंत वीज असते, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावं.
- पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅमचा बॅकअप घ्या. थोड्या नव्या कंट्रोलरवर मेमरी कार्डचा खाचा असतो. जुन्यांवर आरएस-२३२ केबल लावून लॅपटॉपमध्ये माहिती घेता येते.
- कॅबिनेटच्या दारात कंपनीने ठेवलेला पॅरामीटरचा छापील कागद शोधा. तो असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढा. नसेल तर स्क्रीनवरचं एकेक पान उघडून फोटो काढा. तास-दीड तासाचं काम आहे, पण मेमरी गेल्यावर हेच फोटो मशीन उभं करतात.
- बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. मशीनच्या ड्रॉवरमधला एकुलता एक पेन ड्राइव्ह तेलात भिजून खराब झालेला सापडला तर उपयोग नाही.

दुसरं काम: तेल

गाइडवे आणि बॉल स्क्रूला तेल देणारा छोटा पंप बहुतेक मशीनमध्ये आपोआप चालतो. त्यात साधारणपणे व्हीजी ६८ दर्जाचं स्लाइडवे तेल लागतं. हे तेल धातूला चिकटून राहतं. चकच्या हायड्रॉलिक टाकीतलं तेल वेगळं आणि पातळ असतं. एकाच्या जागी दुसरं टाकायचं नाही.

टाकीत तेल आहे म्हणजे ते गाइडवेपर्यंत पोचतं असं नाही. प्रत्येक नळीच्या तोंडाशी तेलाचं प्रमाण ठरवणारा छोटा भाग असतो आणि तो गाळाने तुंबतो. महिन्यातून एकदा कव्हर सरकवून गाइडवेवर बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर नळी तपासा. तेलाची पातळी महिनोन्महिने तशीच दिसते, ही बचत नाही, धोक्याची खूण आहे.

'लो लेव्हल'चा अलार्म सतत येतो म्हणून त्याची वायर जोडून टाकणं, हा सर्रास होणारा आणि सगळ्यात महाग पडणारा जुगाड आहे. अलार्म थांबतो, झीज थांबत नाही.

तिसरं काम: कूलंट आणि पाणी

कूलंट जॉब आणि टूल थंड ठेवतं, चिप्स वाहून नेतं आणि गंजापासून वाचवतं. सर्वसाधारण कातकामाला ५ ते ८ टक्के प्रमाण चालतं. नेमका आकडा डब्यावर दिलेला असतो. तो अंदाजाने ठरवू नका, रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने मोजा. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. उलट केलं तर मिश्रण नीट होत नाही.

मराठवाड्यात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार कूलंटमधल्या घटकांशी मिळून चिकट साका तयार करतात आणि तेल-पाणी वेगळं व्हायला लागतं. चकच्या खाचांत आणि कव्हरवर पांढरट थर दिसत असेल तर आधी पाणी तपासा. आरओचं पाणी वापरल्याने फरक पडतो.

उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि उरलेलं मिश्रण दाट होतं. म्हणून भर घालताना पातळ मिश्रण घाला. सोमवारी मशीन उघडल्यावर कुजका वास येतो, तो सुट्टीत स्थिर राहिलेल्या कूलंटमध्ये वाढलेल्या जिवाणूंचा. वर तरंगणारं गाइडवेचं तेल हवा अडवतं आणि त्यांना पोषक वातावरण मिळतं. ते तेल रोज काढून टाका. खराब कूलंटमुळे कामगारांच्या हाताला खाज आणि पुरळ येते, हेही लक्षात ठेवा.

चौथं काम: वीज, धूळ आणि ऊन

व्होल्टेज वर-खाली होत असेल तर मशीनला सर्वो स्टॅबिलायझर आणि योग्य अर्थिंग हवं. अर्थिंग कमकुवत असेल तर अलार्म मनाला येईल तेव्हा येतात आणि दोष कंट्रोलरवर ढकलला जातो. अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो, तेव्हा त्याची तपासणी आणि पाणी दोन्ही लागतं.

कापणी चालू असताना वीज गेली तर टूल जॉबमध्ये रुतून बसतं. वीज आल्यावर थेट 'सायकल स्टार्ट' दाबू नका. आधी टूल हँडव्हीलने हळूच बाहेर काढा, जिथे लागतं तिथे होम घ्या आणि इन्सर्टची धार तपासा.

होम घेताना जुन्या मशीनमध्ये आणखी एक धोका असतो. होमचा स्विच किंवा त्याला दाबणारा डॉग थोडा सरकला तर शून्य जागा स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याने चुकू शकते. मोटर थेट जोडलेली आणि स्क्रूची पिच १० मिमी असेल तर चूक १० मिमीची. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं आणि टूल चकवर आदळतं. यावर सोपा उपाय आहे. होम बरोबर असताना टरेट आणि स्थिर भागावर एक रेघ मारून ठेवायची. रोज होम घेतल्यावर रेघा जुळतात का ते पाहायचं.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा 'ओव्हरहीट'चे अलार्म सुरू होतात. मग कॅबिनेटचं दार उघडून समोर टेबलफॅन लावला जातो. आत थंड वाटतं, पण त्याच हवेतून धूळ, कूलंटचा धूर आणि धातूचे कण कार्डांवर बसतात. पुढे पावसाळ्यात ओल आली की शॉर्ट होण्याची भीती असते. दार बंदच ठेवा. फिल्टर दर आठवड्याला झटका, पंखे फिरतात का पाहा. जुना पंखा बदलण्याचा खर्च ड्राइव्ह दुरुस्तीच्या मानाने किरकोळ असतो.

माप का हलतं?

'सकाळी बरोबर येतं, दुपारी माप सरकतं' ही नेहमीची तक्रार. यामागे बहुतेकदा उष्णता असते. ५०० मिमी लांबीचा पोलादी स्क्रू ५ अंशांनी तापला तर सुमारे ०.०३ मिमी वाढतो. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जाड असतो, यावरून अंदाज येईल. उपाय म्हणजे सकाळी १५-२० मिनिटं मशीन रिकामं चालवणं. स्पिंडल कमी वेगापासून वर न्यायचा आणि दोन्ही अक्ष पूर्ण लांबीत फिरवायचे.

दुसरं कारण बॅकलॅश. स्क्रू दिशा बदलतो तेव्हा झिजेमुळे टूल हलायला जरा उशीर होतो, ती ढिलाई म्हणजे बॅकलॅश. ती डायल गेजने मोजता येते. गेज टरेटला टेकवा, अक्ष एका दिशेने ०.१ मिमी नेऊन गेज शून्यावर आणा. मग त्याच दिशेने आणखी ०.१ मिमी जा आणि तितकंच परत या. काटा शून्यावर आला नाही तर राहिलेला फरक म्हणजे बॅकलॅश. एक्स अक्षावर लक्षात ठेवा, की गेजवरचा ०.०१ मिमी फरक जॉबच्या व्यासात ०.०२ मिमी होतो.

हा फरक पॅरामीटरमध्ये टाकून भरून काढता येतो. पण ते औषध आहे, इलाज नाही. झीज सगळीकडे सारखी नसते. ज्या भागात जास्त काम झालं तिथे स्क्रू जास्त सैल आणि टोकांना घट्ट असतो. एकच आकडा सगळीकडे बसत नाही. आकडा दर काही महिन्यांनी वाढवावा लागत असेल तर स्क्रू किंवा त्याचं बेअरिंग बदलायची वेळ आली आहे.

तोवर तपासणी वाढवा. एका जॉबला ९० सेकंद लागत असतील तर तासाला ४० जॉब निघतात. तासाने एकदाच मापलं आणि माप हललेलं निघालं तर ४० जॉब संशयात. दर दहाव्या जॉबला मापलं तर दहाच.

जिथे जुगाड चालत नाही

जुनं मशीन सांभाळताना काही गोष्टी माणसाच्या जिवाशी असतात.

- जी५०ची मर्यादा: जी९६ या कोडमध्ये कटिंग स्पीड कायम राहतो, म्हणजे व्यास कमी होताना फेरे वाढतात. १५० मीटर प्रतिमिनिट वेगाने ४० मिमी व्यासावर सुमारे १,२०० आरपीएम लागतात. ४ मिमी व्यासावर हाच आकडा १२,०००च्या जवळ जातो. म्हणून अनेक फॅनुक कंट्रोलरवर आधी जी५० लिहून कमाल वेगाला लगाम घालतात. ही ओळ विसरली तर जॉब चकमधून सुटू शकतो.
- चकचा दाब: वेग वाढला की जबड्यांची पकड कमी होते. चकला ग्रीस नसेल तर आणखी कमी. दाबाचा काटा रोज पाहा आणि ग्रीस वेळेवर द्या.
- दाराचा इंटरलॉक: वेळ वाचवण्यासाठी तो बायपास केला जातो. दार उघडं ठेवून स्पिंडल फिरवणं म्हणजे सुटलेल्या जॉबसमोर उभं राहणं.
- हातमोजे आणि पॉलिश पेपर: फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नका आणि हाताने पॉलिश पेपर धरू नका. चिप्स काढायला हूक वापरा.

जुनं मशीन विकत घेताना काय पाहाल?

रंग पाहू नका. नवा रंग आठवड्यात बसतो.

- मशीन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर सकाळचे दोष दिसत नाहीत.
- स्पिंडल अर्धा तास चालवा. आवाज ऐका, हेडस्टॉकची उष्णता पाहा. मग थांबवून स्पिंडलच्या तोंडाशी डायल लावून रनआउट मोजा.
- दोन्ही अक्षांचा बॅकलॅश मधे आणि टोकांना मोजा. फरक जास्त असेल तर झीज असमान आहे.
- साधारण १०० मिमी लांबीचा जॉब कातून दोन्ही टोकांचा व्यास मोजा. निमुळता निघाला तर लेव्हल, हेडस्टॉकची दिशा किंवा पूर्वीचा क्रॅश, यांपैकी काहीतरी आहे.
- अलार्मची हिस्टरी, मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि पॅरामीटरचा बॅकअप मागा. हे नसेल तर किंमत त्या हिशेबाने कमी करा.

सोडून कधी द्यावं?

बेड आणि स्पिंडल चांगले आहेत, पण कंट्रोलरचे भाग मिळत नाहीत, अशा वेळी रेट्रोफिट, म्हणजे नवा कंट्रोलर आणि नव्या मोटर बसवणं, विचारात घेता येतं. गाइडवेच झिजलेले असतील तर नवा मेंदू लावून फायदा नाही. माप जिथे हलतं तिथे हलतच राहणार.

मधला मार्गही आहे. ०.०२ मिमीची अचूकता जमत नसलेल्या मशीनला ०.१ मिमीचं काम जमतं. अशा मशीनवर रफ कातकाम करून फिनिशिंग दुसऱ्या मशीनवर करता येतं. प्रशिक्षण हवं असेल तर शहरातच चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे सीएनसीचे अभ्यासक्रम चालतात.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

- रोज: गाइडवेचं तेल, चकचा दाब, कूलंटची पातळी, होमच्या रेघा, चिप्सची सफाई. हवेच्या पाइपने चिप्स गाइडवेकडे उडवू नका.
- दर आठवड्याला: कूलंटचं प्रमाण, तरंगणारं तेल, कॅबिनेटचे फिल्टर आणि पंखे.
- दर महिन्याला: बॅकलॅश मोजून वहीत नोंद, तेलाच्या नळ्या, बेल्टचा ताण.
- दर सहा महिन्यांनी: लेव्हल, अर्थिंग, टरेटची सरळता. क्रॅश झाला तर लगेच.
- दर वर्षी: बॅटरी, पूर्ण बॅकअप, हायड्रॉलिक तेल आणि त्याचा फिल्टर.

वर्षाच्या कामासाठी वेगळी तारीख लक्षात ठेवायची गरज नाही. खंडेनवमी-दसऱ्याला प्रत्येक वर्कशॉपमध्ये मशीन धुऊन-पुसून त्याची पूजा होते. त्याच दिवशी बॅटरी बदलली आणि बॅकअप घेतला, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शटर उघडताना स्क्रीनवर अलार्म नाही, शेवटचा प्रोग्रॅम दिसेल.